मलावीच्या गावात स्त्री-पुरुष समतेचं काम कसं उभं करावं : पहिल्या दोन वर्षांचा मार्गदर्शक

मलावीत कायद्यांची वाण नाही. २००६ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, २०११ साली वारसाहक्काचा, २०१३ साली स्त्री-पुरुष समतेचा, २०१५ साली विवाहाचा. २०१७ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन लग्नाचं किमान वय सरसकट १८ झालं. त्याआधी पालकांच्या संमतीने पंधरा वर्षांच्या मुलीचंही लग्न लावता येत असे. या दुरुस्तीच्या जेमतेम वर्षभर आधीच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातल्या दर १०० स्त्रियांपैकी ४२ जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी लागलेलं होतं. इतकी खोल रुजलेली गोष्ट राजधानीतल्या एका मतदानाने हलत नाही. ती हलवण्याचं काम गावात करावं लागतं, आणि ते कसं करायचं याबद्दल हा लेख आहे.

एखाद्या संस्थेमार्फत, आरोग्य किंवा शेती प्रकल्पावर, नाहीतर अभ्यासासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जाणाऱ्या मराठी माणसांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितो आहे. झांबिया, मोझांबिक, झिंबाब्वे इथेही यातलं बरंच लागू पडेल, पण तपशील मलावीचे आहेत. सगळ्या लेखामागे माझा आग्रह एकच: सभेला किती बायका आल्या यावर समाधान मानू नका. घरातला मका विकायचा की ठेवायचा, कर्ज कशासाठी घ्यायचं, नवरा गेल्यावर शेत कोण कसणार, हे कोण ठरवतं तिकडे नजर ठेवा.

पाऊल पहिलं : जमीन कोणाकडून कोणाकडे जाते ते आधी समजून घ्या

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून या पावलाला सर्वांत जास्त वेळ द्या.

मध्य आणि दक्षिण मलावीतले चेवा, याओ, लोम्वे हे समाज मातृवंशीय आहेत. कूळ आईकडून चालतं आणि जमीन बहुतेक आईकडून मुलींकडे जाते. झोंबा, मचिंगा, मंगोची, थ्योलो या जिल्ह्यांत लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. या पद्धतीला चिकामविनी म्हणतात आणि अशा जावयाला म्कामविनी. तो बायकोच्या शेतात राबतो, घर बांधतो. लग्न मोडलं किंवा बायको वारली, तर बहुतेक वेळा हात हलवत आपल्या आईच्या गावी परततो. मध्य भागात काही ठिकाणी नवरा बायकोला आपल्या गावी घेऊनही जातो, त्याला चितेंग्वा म्हणतात. उत्तरेकडे चित्र उलटं आहे. म्झिंबा, रुम्फी भागातले तुंबुका आणि न्गोनी पितृवंशीय आहेत. तिथे लोबोला, म्हणजे मुलीच्या माहेरी द्यायचं गुरांचं किंवा पैशांचं देणं, दिलं जातं आणि मुलगी सासरी जाते. मुलं बापाच्या कुळाची होतात.

मातृवंशीय म्हणजे बाईचं राज्य, असा समज आपल्याकडे चटकन होतो. तसं नाही. बहिणी आणि त्यांची मुलं मिळून जो गट होतो त्याला म्बुम्बा म्हणतात, आणि त्याचा कर्ता असतो भाऊ किंवा मामा, म्हणजे म्विनी म्बुम्बा. आपल्या लग्नात मामाचा मान मुलीला बोहल्यावर आणण्यापुरता उरला आहे. तिथे लग्न ठरवणं, मोडणं, भांडण मिटवणं, जमिनीचा तुकडा कोणत्या भाचीला द्यायचा हे सांगणं, अशी सगळी सूत्रं मामाकडे असू शकतात. मालकी बाईच्या वंशाची आणि शब्द पुरुषाचा, अशी ही रचना आहे.

याचा कामावर थेट परिणाम होतो. एक उदाहरण देतो. जमिनीची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करावी, हा सल्ला जगभर दिला जातो. म्झिंबात तो योग्यच आहे, कारण तिथे बायकोचं नाव कुठेच नसतं. हाच सल्ला झोंबात दिला तर रूढीने जे शेत फक्त तिचं होतं, त्यात नवऱ्याला कागदोपत्री हिस्सा मिळतो, आणि घटस्फोटानंतर तिच्या आईचं शेत वादात सापडतं. प्रकल्पाच्या अहवालात मात्र दोन्हीकडे 'संयुक्त नोंद झाली' असं एकच चांगलं वाक्य दिसेल.

म्हणून पहिल्या महिन्यात दहा-बारा कुटुंबांची वंशावळ कागदावर काढा. कोण कुठून आलं, कोणाचं शेत कोणाकडून मिळालं, मागच्या पिढीत कोण विधवा झाली आणि तिचं पुढे काय झालं, हे विचारा. गावातल्या आजीबाई, म्हणजे 'अगोगो', हे सगळं तोंडपाठ सांगतात. चिचेवा भाषा येणारी स्थानिक सहकारी सोबत असू द्या. उत्तरेत चितुंबुका आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागात चियाओ लागेल.

पाऊल दुसरं : परवानगी आणि वेळ

जिल्हा परिषदेचं पत्र, मग पारंपरिक प्रमुख (यांना तिथे 'टी. ए.' म्हणतात), त्यांच्या हाताखाली गावसमूहाचा प्रमुख आणि शेवटी गावप्रमुख. ही पायरी गाळून थेट बायकांची बैठक घेतली तर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही. गावप्रमुख स्त्री असणं मलावीत दुर्मीळ नाही, तेव्हा 'प्रमुख साहेब' गृहीत धरू नका. विकासाच्या कामासाठी गाव पातळीवर आणि वरच्या क्षेत्र पातळीवर समित्या असतात, त्यांनाही सुरुवातीलाच भेटा.

प्रमुखांचं वजन किती असतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डेड्झा जिल्ह्यात वरिष्ठ प्रमुख राहिलेल्या तेरेसा काचिंदामोटो. झोंबातल्या एका महाविद्यालयात अनेक वर्षं सेक्रेटरीची नोकरी केल्यावर त्या २००३ साली गादीवर आल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुली कडेवर मूल घेऊन फिरताना पाहून त्यांनी आपल्या हाताखालच्या ५० प्रमुखांकडून बालविवाह बंद करण्याच्या करारावर सह्या घेतल्या. ज्यांनी तरीही लग्नं लावू दिली त्यांना पदावरून दूर केलं, आणि शेकडो बालविवाह रद्द करून मुलींना शाळेत परत पाठवलं. रूढीच्या नावाने चाललेली गोष्ट रूढीच्याच अधिकाराने थांबवता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

अशा हुकमाच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. दंड लावला की काही लग्नं शेजारच्या प्रमुखाच्या हद्दीत जाऊन लागतात. बकरी किंवा कोंबड्यांचा दंड गरीब घरालाच जड जातो. गावाने पोटनियम करायचे ठरवले तर ते मसुद्यातच जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला दाखवा, आणि दंड मुलीला किंवा तिच्या आईला होणार नाही याची खात्री करून घ्या.

वेळेबद्दल थोडं. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो आणि तेव्हापासून पेरणी-खुरपणीची धांदल असते. डिसेंबर ते मार्च हे महिने भुकेचे. आधीचा मका संपलेला, नवा हाती आलेला नाही. बायका पहाटे स्वतःच्या शेतात राबून मग गान्यू, म्हणजे दुसऱ्याच्या रानात मोलमजुरी, करायला जातात. या काळात तीन तासांची कार्यशाळा ठेवणं हा अन्याय आहे. पाहणी आणि बैठकांसाठी मे ते ऑगस्ट हे महिने ठेवा, कापणी झाल्यावर माणसांना बसायला वेळ असतो.

पाऊल तिसरं : जे आलेले नाहीत त्यांना शोधा

गावसभेत पुरुष खुर्च्यांवर बसतात, बायका खाली चटईवर. बोलणारे चार-पाच जण ठरलेले असतात. ही मांडणी पहिल्या दिवशी मोडायला जाऊ नका, पण तेवढ्यावर पाहणी संपवू नका. वयस्कर स्त्रिया, तरुण स्त्रिया, वयस्कर पुरुष, तरुण पुरुष असे चार वेगळे गट करा आणि वेगवेगळ्या वेळी बसा. सासू किंवा आई समोर असताना सतरा वर्षांची बाळंतीण बोलत नाही.

प्रत्येक गटाबरोबर दोन गोष्टी करा. पहिली, चोवीस तासांचं घड्याळ. मातीत मोठं वर्तुळ काढायचं आणि काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केलं ते दाणे, काड्या, दगड ठेवून दाखवायचं. पाणी, सरपण, मका कुटणं, न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) शिजवणं, मुलं, शेत. बायकांचं आणि पुरुषांचं वर्तुळ नंतर शेजारी-शेजारी काढून दोन्ही गटांना दाखवा. तुम्हाला भाषण करावं लागत नाही. पुरुष बराच वेळ खाली बघत राहतात आणि मग स्वतःहून बोलू लागतात.

दुसरी, निर्णयांची यादी. मका, शेंगदाणा, तंबाखू, शेळ्या, कोंबड्या, सायकल, मोबाइल, कणगीतलं धान्य, मुलीची फी. प्रत्येकापुढे तीन प्रश्न: यासाठी राबतं कोण, वापरतं कोण, विकायचं कोण ठरवतं? तंबाखूत बायकोने पानं तोडली, बांधली, वाळवली. लिलावाचे पैसे मात्र नवऱ्याच्या हाती आले आणि किती आले ते तिला कळलंच नाही, हे उत्तर अनेकदा मिळेल. या यादीच्या प्रती जपून ठेवा. दोन वर्षांनी नेमक्या याच गोष्टी पुन्हा विचारायच्या आहेत.

आता जे कोणत्याच गटात आले नाहीत ते. 'तुमच्या घरात कोणी अपंग आहे का?' असं विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येतं, कारण लाज आहे आणि शब्दाला ठपका आहे. त्याऐवजी वॉशिंग्टन ग्रुप या, अपंगत्वाची मोजणी कशी करावी हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा छोटे प्रश्न घ्या: दिसायला, ऐकायला, चालायला किंवा चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला आणि इतरांशी बोलून समजून घ्यायला घरात कोणाला अडचण येते का? अडचण नाही, थोडी, खूप, की जमतच नाही, अशा चार उत्तरांतून निवड करायची असते. या प्रश्नांतून मागच्या खोलीत बसवून ठेवलेली माणसं पुढे येतात. त्यांत मुली जास्त सापडल्या, तर नवल वाटून घेऊ नका. त्यांना शाळेत पाठवण्यापेक्षा घरात जपणं बरं, असं आईबापांना वाटत असतं.

वर्णद्रव्याचा अभाव, म्हणजे अल्बिनिझम, असलेल्या व्यक्तींबाबत विशेष खबरदारी घ्या. त्यांच्या हाडांत जादू असते अशा समजुतीतून २०१४ च्या अखेरीपासून मलावीत अपहरण, खून आणि कबरी उकरण्याचे प्रकार घडले. तेव्हा त्यांची नावं, घराचं ठिकाण, फोटो कोणत्याही यादीत, नकाशात, अहवालात येऊ देऊ नका. प्रकल्पाचं जाहिरातपत्रक सुंदर दिसावं म्हणून काढलेला एक फोटो एखाद्या मुलाच्या जिवावर उठू शकतो. काम करायचं तर त्यांच्या संघटनेमार्फत करा. उन्हापासून संरक्षणाचं मलम, रुंद कडेची टोपी आणि वर्गात फळ्याजवळची जागा, या तीन गोष्टींनीही शाळेत खूप फरक पडतो.

पाऊल चौथं : ओसरीवरची बँक

पैशाचं काम आधी का? कारण नुसत्या चर्चेला येण्यासाठी बाईला घरातून निघता येत नाही. बचतीला मात्र निघता येतं. दर आठवड्याला एकत्र जमायचं घरच्यांना पटणारं कारण मिळतं, आणि बाकी सगळं काम त्या जमण्यावर उभं राहतं.

मलावीत अशा गटाला बँकी म्खोंडे म्हणतात, ओसरीवरची बँक. झिंबाब्वेत मुकांडो, मोझांबिकमध्ये शितिकी, झांबियात चिलिंबा, बोत्स्वानात मोत्शेलो, दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल, असे आपापले प्रकार सगळीकडे आहेत आणि बरेचसे कोणत्याही संस्थेच्या आधीपासूनचे आहेत. आज गावोगाव दिसणारी पेटी-कुलपाची पद्धत १९९१ साली नायजर देशात 'केअर' या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या कामातून पुढे आली.

आपल्याकडच्या बचत गटाची सवय असलेल्या माणसाने फरक नीट समजून घ्यावा. आपला गट बँकेशी जोडलेला असतो, दरमहा ठरावीक रक्कम भरतो आणि वर्षानुवर्षं चालतो. इथे बँक नाही. १५ ते २५ सदस्य, लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या साध्या सदस्यांकडे. पेटी ज्यांच्या घरी असते त्यांच्याकडे किल्ली नसते. दर बैठकीला प्रत्येक सदस्य एक ते पाच शेअर, म्हणजे ठरलेल्या किमतीचे बचतीचे हिस्से, घेतो, आणि तितके शिक्के त्याच्या वहीत उमटतात, म्हणजे अक्षर न येणारीलाही आपली बचत मोजता येते. जमलेल्या पैशातून सदस्यांनाच कर्ज. महिन्याचं व्याज दहा टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असतं, पण ते व्याज गटाचंच. आजारपण, मयत यासाठी वेगळा बिनव्याजी निधी. नऊ ते बारा महिन्यांनी पेटी रिकामी करून शेअरच्या प्रमाणात सगळं वाटून टाकतात आणि नव्याने सुरुवात करतात. दरवर्षी हिशेब शून्यावर येत असल्यामुळे लबाडी फार काळ लपत नाही.

गट बांधताना पुढच्या गोष्टींवर हट्ट धरा. शेअरची किंमत गटातल्या सर्वांत गरीब बाईला विचारून ठरवा. शिक्षिकेला आणि दुकानवालीला परवडेल ती किंमत ठेवली तर गान्यू करणारी बाई तिसऱ्या आठवड्यात गळते. बैठकीची जागा काठी घेऊन चालणारीला गाठता येईल अशी निवडा. अंध सदस्याच्या पैशांची मोजणी मोठ्याने, सगळ्यांसमोर करा. पुरुषांना गटात घ्यायचं असेल तर घ्या, पण अध्यक्ष आणि नोंदी ठेवणारी व्यक्ती कोण हे गुप्त मतदानाने ठरू द्या. मक्याचे दाणे आणि डबे वापरून मतदान छान होतं.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या हातात, हे इथेही घडतं. फेड थकली की गट तिच्या दारात उभा राहतो. म्हणून वाटपाच्या महिनाभर आधी प्रत्येक सदस्य घरातल्या माणसाबरोबर बसून पैशांचं काय करायचं याचं चित्र काढेल, असा नियम ठेवा: खत, पत्रे, फी, शेळी. चित्रच काढायचं, लिहायचं नाही. वाटप पेरणीच्या तोंडावर येईल असं पाहिलंत तर खत-बियाण्याला पैसा उपयोगी पडतो.

पाऊल पाचवं : पुरुषांशी बोलणं

फक्त बचतीने घरातली मारहाण थांबते का? याचं एक चांगलं उत्तर याच भागातल्या एका देशात मिळालं. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात, सेखुखुनेच्या ग्रामीण भागात २००१ ते २००५ या काळात 'इमेज' नावाचा अभ्यास झाला. गरीब स्त्रियांना गटकर्ज आणि त्याच बैठकांत स्त्री-पुरुष भूमिका, हिंसा, एचआयव्ही यांवरची दहा सत्रं. दोन वर्षांत जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचं प्रमाण ५५ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. कर्ज आणि संवाद, दोन्ही एकाच जागी मिळाले हे इथे महत्त्वाचं.

क्रम असा ठेवा. आधी बायकांचा गट एकटा, मग पुरुषांचा एकटा, त्यानंतर दोघे एकत्र. १९९५ साली युगांडात तयार झालेल्या 'स्टेपिंग स्टोन्स' पद्धतीत वय आणि लिंगानुसार चार गट वेगळे बसतात आणि ठरावीक टप्प्यांवर एकत्र येऊन एकमेकांसमोर मागण्या मांडतात, त्याच धर्तीवर. पुरुषांची सत्रं चालवणारा पुरुषच असावा, त्याच भागातला, लग्न झालेला. तिशीतला शेतकरी परक्या प्रशिक्षकाचं ऐकून घेतो आणि शेजाऱ्याचं मनावर घेतो.

या बैठकांत पुरुषांच्या अडचणी खोट्या समजू नका. म्कामविनी म्हणून आलेल्या जावयाला खरोखर असुरक्षित वाटत असतं. वीस वर्षं राबून बांधलेल्या घरावर त्याचा काही हक्क नसतो. म्हणून तो झाडं लावत नाही, पैसे आपल्या आईच्या गावी पाठवतो, बायकोपासून कमाई लपवतो. हे उघडपणे बोललं गेलं की जोडप्याला करार करता येतो. घटस्फोट झाला तर काय कोणाचं, मुलांचं काय, हे दोन्हीकडच्या न्खोस्वेसमोर, म्हणजे लग्नाच्या मध्यस्थांसमोर ठरवून ठेवता येतं. न्खोस्वे हे पद आधीपासून आहेच. त्यांना प्रशिक्षण देण्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ काम मला दुसरं दिसत नाही.

पाऊल सहावं : हिंसेची तक्रार आली तर

हे पाऊल खरं तर पाचव्याच्या आधी पूर्ण झालेलं हवं. मारहाणीबद्दल चर्चा सुरू केली की कोणीतरी बैठकीनंतर तुम्हाला थांबवून आपली गोष्ट सांगणारच. त्या वेळी पुढे कुठे जायचं हे तुम्हाला माहीत नसेल, तर चर्चा सुरू करण्याचा तुम्हाला अधिकार नाही, असं माझं ठाम मत आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातलं पीडित मदत केंद्र, जिल्हा रुग्णालय, समाजकल्याण अधिकारी आणि महिला वकिलांची किंवा कायदा-साथींची एखादी संघटना, या चौघांची प्रत्यक्ष भेट घ्या, वेळा आणि वाहतुकीचा खर्च लिहून ठेवा. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, त्यामुळे मिनीबसच्या भाड्याचे पैसे गटाच्या निधीत बाजूला असलेच पाहिजेत.

प्रमुखाच्या ब्वालोत, म्हणजे चावडीवर, जमिनीचे आणि नवरा-बायकोच्या भांडणाचे तंटे मिटू शकतात. बलात्कार किंवा अल्पवयीन मुलीवरचा अत्याचार तिथे 'मिटवायला' नेऊ देऊ नका. दोन बकऱ्या देऊन तडजोड झाली तर तो गुन्हाच दडपला जातो. जिच्यावर प्रसंग ओढवला तिने काय करायचं, तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवेल. ती अल्पवयीन असेल तर मात्र कायद्याने कळवणं भाग आहे.

मनाच्या जखमेवर इलाज करणारी माणसं मलावीत फार थोडी आहेत. झिंबाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून एक वाट शोधली. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करत बसणं, या शब्दाने माणसं आपलं दुखणं तिला सांगतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकाचा चांगला उपयोग सिद्ध झाला. तुमच्या गावातही जिच्याकडे सगळ्या जातात अशी कोणी आजी असेलच.

पाऊल सातवं : विधवा आणि जमिनीचा कागद

नवरा वारला की त्याचे नातेवाईक येऊन सायकल, भांडी, पत्रे, मका, कधी घराचे दरवाजेसुद्धा उचलून नेतात. २०११ च्या कायद्याने अशी लूट हा गुन्हा ठरवला आहे, आणि मालमत्तेवर पहिला हक्क बायको-मुलांचा मानला आहे. पण अंत्यविधीच्या गर्दीत कायदा आठवत कोणी नाही. तयारी आधीच हवी. लग्नाची नोंद किंवा न्खोस्वेंची नावं लिहून ठेवा. घरातल्या वस्तूंची यादी दोघांच्या अंगठ्यानिशी करून ठेवा. साधं मृत्युपत्र करायला गटातल्या जोडप्यांना मदत करा. मृत्युपत्र केलं की मरण येतं ही भीती बोलून दाखवली जाईल, तेव्हा एखादा पाद्री किंवा शेख स्वतः करून दाखवायला तयार झाला तर गाडी पुढे सरकते. आणि प्रमुखाकडून आधीच जाहीर करवून घ्या की दफनानंतर घरातून वस्तू हलवायची ती त्याच्यासमोरच.

२०१६ च्या पारंपरिक जमीन कायद्याने गावसमूहाच्या पातळीवर जमीन समित्या आणल्या. निवडून येणाऱ्या सहा सदस्यांपैकी तीन स्त्रिया हव्यात. नावापुरत्या तिघी बसवल्या जातात, म्हणून निवडणुकीच्या आधीच बँकी म्खोंडेतल्या हिशेबात तरबेज असलेल्या बायकांना उभं राहायला तयार करा. कुणाच्या शेताची हद्द कुठे याची चर्चा त्यांना बचतीच्या बैठकीतच सरावाची होते.

पाऊल आठवं : मुली

प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे आणि गरोदर राहिलेल्या मुलीला बाळंतपणानंतर शाळेत परत घेण्याचं धोरण १९९३ पासून. गावात ते फारसं कोणाला माहीत नसतं. शाळेतल्या 'मदर ग्रुप'मधल्या बायका घरोघरी जाऊन गळालेल्या मुलींना परत आणतात, त्यांच्या मागे उभे राहा. परत आलेल्या मुलीचं बाळ शाळेच्या वेळात कोण सांभाळणार, हा प्रश्न पहिल्याच भेटीत सोडवा.

चिनामवाली, म्हणजे वयात येणाऱ्या मुलींचा दीक्षाविधी, हा विषय हळुवारपणे हाताळा. तो शिकवणाऱ्या अनुभवी स्त्रिया, नामकुंग्वी, यांना शत्रू केलंत तर विधी तुमच्या नजरेआड होईल. त्यांच्याबरोबर बसून शिकवणीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्यांनाच ठरवू द्या. वडीलधाऱ्यांशी वागणं, पाळीची स्वच्छता, गाणी, नाच राहू देत. विधी झाल्यावर लगेच पुरुषाशी संबंध ठेवण्याचा सल्ला जायला हवा. विधी शाळेच्या सुट्टीत घेणं हा बदल त्या सहज मान्य करतात.

पैशाची मदत उपयोगी पडते, पण तिची मुदत लक्षात घ्या. झोंबा जिल्ह्यात २००८ पासून दोन वर्षं किशोरवयीन मुलींच्या घरी दरमहा रोख मदत देऊन पाहिली गेली. विनाअट, म्हणजे शाळेत जाण्याची अट न घालता, मदत मिळालेल्या मुलींत लवकर लग्न आणि गरोदरपण ठळकपणे कमी झालं. मदत थांबल्यावर काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यातला बराच फरक ओसरला होता. दोन वर्षांचा निधी हाती असेल, तर तो मुलगी आठवीत असताना संपणार आहे का, हे आधी मोजा.

पाऊल नववं : मोजणं आणि बाहेर पडणं

दोन वर्षांनी पाहणीतली निर्णयांची यादी पुन्हा काढा, त्याच घरांत, त्याच महिन्यात. मका विकण्याचा निर्णय किती घरांत दोघांनी मिळून घेतला? गटातून गळालेल्या कोण, आणि त्यांत सर्वांत गरीब किती? वॉशिंग्टन ग्रुपच्या प्रश्नांतून सापडलेल्यांपैकी गटात कितीजण आहेत? विधवा झालेल्या प्रत्येकीचं शेत आज कोण कसतं? नवऱ्यांनाही विचारा आणि उत्तरं जुळतात का पाहा; ती बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि तिथूनच चर्चेला पुढचा विषय मिळतो. हे निष्कर्ष संस्थेला पाठवण्याआधी ब्वालोत चित्रांतून मांडा.

पहिल्या वर्षी गटाच्या प्रत्येक बैठकीला तुमची कार्यकर्ती हजर असते, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, आणि दुसऱ्या वाटपानंतर फक्त बोलावलं तर. नवे गट बांधण्याचं काम जुन्या गटांतल्या तयार बायकांकडे द्या आणि त्यांचं मानधन नव्या गटांनीच द्यावं असं ठरवा. जमीन समितीतल्या तिघी, मदर ग्रुप आणि प्रशिक्षित न्खोस्वे यांची नावं, तुमच्या कार्यकर्तीची जागा संपण्याच्या सहा महिने आधी, क्षेत्र विकास समितीच्या नोंदवहीत आणि जिल्हा समाजकल्याण कार्यालयाच्या यादीत चढलेली असू द्या. त्यामुळे पुढच्या अंदाजपत्रकात प्रवासभत्ता मागायला त्या स्वतःच जातील.